जळगावचे तापमान पडद्यावर कसे येते?

मे महिन्यात खानदेशात दोन माणसे भेटली की बोलणे हटकून एकाच प्रश्नावर येते : आज पारा किती? पूर्वी या प्रश्नाचे उत्तर दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रात मिळे. आज ते खिशातल्या फोनवर मिळते. पण विद्यार्थी मित्रहो, तो आकडा फोनमध्ये कोठून येतो? फोनमध्ये तर तापमापक नसतो. आणि आपणच जळगाव-धुळ्याचे हवामान दाखवणारे संकेतस्थळ तयार करायचे ठरवले, तर तो आकडा आपल्या पानावर कसा आणायचा?

अनेक शाळा-महाविद्यालयांतील मुले प्रकल्प म्हणून असे पान तयार करू लागतात. रंग, चित्रे, अक्षरे यांचे काम झटपट होते. खरी अडखळण्याची जागा येते ती बाहेरची माहिती पानात आणताना. या अडचणी बहुतेकांना त्याच त्या येतात, म्हणून येथे आपण त्या सर्व एकाच विद्यार्थिनीला आल्या असे मानू. ती रावेर तालुक्यातील एका केळी-बागायतदाराची मुलगी आहे. तिला गावातील शेतकऱ्यांसाठी एक साधे पान करायचे आहे. त्यावर उद्याचे तापमान, वाऱ्याचा वेग, पाऊस आणि केळीचा बाजारभाव एवढेच असेल.

प्रकल्प लहान दिसतो, पण त्याचे महत्त्व लहान नाही. जळगावच्या केळीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. त्या केळीचे तीन शत्रू म्हणजे कडाक्याची थंडी, होरपळवणारे ऊन आणि वादळी वारा. २०१६ पासून राबवलेल्या हवामान-आधारित फळपीक विमा योजनेत भरपाई मिळणार की नाही, हे नेमलेल्या हवामान केंद्राच्या नोंदीवरून ठरते. म्हणजे एखादा आकडा चुकीचा वाचला गेला तर त्याची किंमत पैशात मोजावी लागते. तेव्हा आकडा बरोबर आणणे, हा या विद्यार्थिनीच्या प्रकल्पाचा प्राण आहे.

प्रश्न आणि उत्तर यांचा करार

बाहेरच्या संगणकाकडून माहिती मिळवण्याच्या सोयीला एपीआय म्हणतात. नाव मोठे वाटले तरी कल्पना जुनी आहे. दोन यंत्रांनी आपसात केलेला हा करार होय : तू असा प्रश्न विचारलास तर मी अशा स्वरूपात उत्तर देईन.

हवामानशास्त्राला असा करार नवा नाही. भारतीय हवामान खात्याची स्थापना १८७५ मध्ये झाली. तारायंत्र आणि दूरमुद्रक यांच्या काळात प्रत्येक वेधशाळा आपली निरीक्षणे पाच-पाच अंकांच्या गटांत पाठवी. समजा, एक गट आला १०४५२. यातील पहिला १ सांगतो की हा गट हवेच्या तापमानाचा आहे. पुढचा ० सांगतो की तापमान शून्याच्या वर आहे. तेथे १ असता तर ते शून्याखाली असते. उरलेले ४५२ म्हणजे ४५.२ अंश सेल्सिअस. पत्र नाही, मायना नाही. पाच अंकांत सगळे आले. मात्र हे कोष्टक ज्याच्याजवळ नाही त्याच्या लेखी १०४५२ ही नुसतीच एक संख्या आहे.

आजची माहिती-सेवा हेच करते. आपण एका पत्त्यावर प्रश्न पाठवतो. त्यात अक्षांश, रेखांश आणि काय हवे ते लिहितो. उत्तर बहुधा जेसन नावाच्या लेखनपद्धतीत येते. समजण्यासाठी ते मराठीत लिहिले तर असे दिसेल :

{ "अक्षांश" : २१.०१, "रेखांश" : ७५.५६, "वेळ" : "०९:००", "तापमान" : ४३.२, "वारा" : ११.० }

प्रत्यक्षात यातील नावे रोमन लिपीत असतात. प्रत्येक नावापुढे त्याचे मूल्य, एवढीच ही रचना. उत्तराबरोबर तीन अंकी एक खूणही येते. २०० म्हणजे सर्व ठीक. ४०४ म्हणजे मागितलेली वस्तू येथे नाही. ४०१ म्हणजे ओळख पटली नाही. ४२९ म्हणजे फार वेळा विचारले, आता थांबा. ५०० म्हणजे दोष पलीकडच्या यंत्रात आहे. अडचण आली की प्रथम ही खूण पाहावी. डॉक्टर नाडी पाहतो तसेच हे आहे. पुष्कळसे निदान तेथेच होते.

उत्तर येण्याआधीच वाचन

आमच्या विद्यार्थिनीने पहिला प्रश्न पाठवला आणि पुढच्याच ओळीत "तापमान दाखव" अशी आज्ञा लिहिली. पडद्यावर काहीच आले नाही. तिला वाटले, सेवा बंद आहे. सेवा चालू होती. उत्तर वाटेत होते.

येथे थोडे भौतिकशास्त्र कामी येते. समजा, सेवेचा संगणक जर्मनीत आहे. जळगावपासून अंतर ढोबळ मानाने साडेसहा हजार किलोमीटर. जाऊन येऊन तेरा हजार. काचेच्या तंतूमधून प्रकाश सेकंदाला सुमारे २ लाख किलोमीटर जातो. म्हणून

१३,००० ÷ २,००,००० = ०.०६५ सेकंद

एवढा वेळ लागणारच. प्रत्यक्षात वाट वळणाची असते, मध्ये थांबे असतात, म्हणून वेळ याहून अधिक लागतो. आपल्याला ०.०६५ सेकंद म्हणजे पापणी लवण्याइतकाही काळ नाही. पण ज्या संगणकाचे घड्याळ सेकंदाला १०० कोटी ठोके देते त्याचे तेवढ्यात साडेसहा कोटी ठोके होऊन जातात. पत्र पेटीत टाकले आणि त्याच क्षणी उत्तरासाठी दार उघडून पाहिले, तसा हा प्रकार. म्हणून आज्ञा अशी लिहावी लागते : "उत्तर आले की मग तापमान दाखव, तोवर बाकीची कामे चालू ठेव." उत्तर मुळीच आले नाही तर किती वेळ वाट पाहायची हेही सांगून ठेवावे. नाहीतर पान 'थांबा, थांबा' म्हणत बसते आणि वाचक कंटाळून निघून जातो.

फाटकावरचा पहारेकरी

दुसरी अडचण अधिक चक्रावणारी. सेवेचा पत्ता न्याहाळकाच्या पट्टीत स्वतः लिहिला तर उत्तर नीट दिसते. पण आपल्या पानातून तोच प्रश्न विचारला तर न्याहाळक म्हणतो, "परवानगी नाही." असे का?

वसतिगृहाचा एक नियम आहे असे समजा. मुलाने कोणालाही पत्र पाठवावे. उत्तर आले की अधीक्षक पाकीट पाहतात. पाठवणाऱ्याने पाकिटावर 'या वसतिगृहातील मुलास देण्यास हरकत नाही' असे लिहिले असेल तरच पत्र मुलाच्या हाती पडते. न्याहाळक हा असाच अधीक्षक आहे. एका स्थळावरून आलेल्या पानाने दुसऱ्या स्थळाचे उत्तर वाचू नये, हा नियम १९९५ च्या सुमारास नेटस्केप या न्याहाळकात आला. तो नसता तर तुम्ही उघडलेल्या एखाद्या भलत्याच पानाला दुसरीकडे चालू असलेले तुमचे बँकेचे खाते वाचता आले असते. तेव्हा हा नियम त्रासदायक वाटला तरी आपल्या संरक्षणासाठी आहे.

ज्या सेवा पाकिटावर परवानगी लिहून पाठवतात त्यांच्याशी आपले पान थेट बोलू शकते. ज्या तसे लिहीत नाहीत त्यांच्यासाठी मध्ये आपला स्वतःचा एक संगणक, म्हणजे सर्व्हर, ठेवावा लागतो. तो बाहेरून माहिती आणतो आणि आपल्या पानाला देतो. अधीक्षकांचा नियम न्याहाळकातील पानांना आहे. दोन सर्व्हरांमधील पत्रव्यवहाराला नाही.

या मधल्या संगणकाचे आणखी दोन उपयोग आहेत. पुष्कळ सेवा प्रत्येक वापरणाऱ्याला एक गुप्त चावी देतात. ही चावी पानातच लिहून ठेवली तर पान उघडणाऱ्या कोणालाही ती वाचता येते, कारण न्याहाळकाकडे आलेले पान म्हणजे उघडे पुस्तक. घराला कुलूप लावून किल्ली दारावरच टांगावी, तसे ते होईल. चावी मधल्या संगणकात ठेवली तर ती झाकलेली राहते.

दुसरा उपयोग मर्यादेच्या बाबतीत. समजा, सेवा दिवसाला १,००० प्रश्नांची उत्तरे देते. वर्गातील ४० मुलांनी पान उघडून ठेवले, पान दर मिनिटाला नवी माहिती मागते आणि शाळा ५ तास चालते. तर

४० × ६० × ५ = १२,००० प्रश्न

पाऊण तासही होत नाही तोच मर्यादा संपेल आणि ४२९ ची खूण येईल. आता मधल्या संगणकाने दर १५ मिनिटांनी एकदाच माहिती आणून जवळ ठेवली, तर एका गावासाठी दिवसाला ९६ प्रश्न पुरतात. जळगाव आणि धुळे मिळून १९२. मग पान चाळीस जणांनी उघडो की चार हजार जणांनी, बाहेर जाणारे प्रश्न तेवढेच. गावच्या टाकीत पाणी एकदा चढवायचे आणि घरोघरी नळाने द्यायचे, प्रत्येकाने नदीवर जायचे नाही, हीच ती युक्ती. हवेचे तापमान काही सेकंदासेकंदाला बदलत नाही. तेव्हा १५ मिनिटांचे शिळेपण येथे चालते.

मे महिन्यात बर्फाळ समुद्र

एवढे झाल्यावर उत्तरे येऊ लागली. खूण २००. सगळे ठीक. फक्त मे महिन्याच्या भर दुपारी जळगावचे तापमान शून्याच्या आसपास दिसत होते!

तुम्ही चूक ओळखलीत का? जळगावचे अक्षांश सुमारे २१.०१ उत्तर आणि रेखांश ७५.५६ पूर्व. तिने ते उलट क्रमाने पाठवले होते. पृथ्वीगोलावर ७५.५६ उत्तर अक्षांश आणि २१.०१ पूर्व रेखांश शोधा. हा बिंदू नॉर्वेच्या उत्तरेस, स्पिट्सबर्गेन बेटाच्या दक्षिणेकडील समुद्रात पडतो. सेवेने खोटे सांगितले नव्हते. विचारलेल्या जागेचे तापमान बिनचूक दिले होते. आपण भूगोलात अक्षांश आधी म्हणतो. नकाशाच्या कित्येक लेखनपद्धतींत मात्र रेखांश आधी येतो, कारण आलेखात आपण क्ष आधी आणि य नंतर लिहितो, आणि नकाशावर आडवे अंतर रेखांशाचे असते.

ही चूक पकडली गेली ती आकडा हास्यास्पद होता म्हणून. खरी भीती आकडा पटण्याजोगा असतो तेव्हा. तिने मग अक्षांश सोडून गावाचे नाव पाठवून पाहिले. पण जळगाव नावाची गावे महाराष्ट्रात अनेक आहेत. बुलढाणा जिल्ह्यात जळगाव जामोद हा तर तालुकाच आहे. तेथील तापमान आपल्या जळगावापेक्षा एखाद-दोन अंशांनी वेगळे आले तर कोणाला संशय येणार? धुळ्याचे स्पेलिंग जुन्या नकाशांत वेगळे आढळते, म्हणून काही सूचींत ते सापडतच नाही.

जिल्ह्यांच्या आकड्यांत आणखी एक खाच आहे. नंदुरबार जिल्हा १ जुलै १९९८ रोजी धुळ्यापासून वेगळा झाला. त्यापूर्वीच्या तक्त्यात 'धुळे' असे लिहिले असेल तर त्यात शहादा, तळोदा, अक्कलकुवा सारे आले. पुढच्या तक्त्यात ते नाहीत. दोन्ही तक्ते जोडून आलेख काढला तर १९९८ नंतर धुळ्याचे पीकक्षेत्र एकदम कोसळलेले दिसेल. प्रत्यक्षात पीक कोठेही गेले नाही; सीमारेषा हलली.

एककांचा घोटाळा

आता अक्षांश-रेखांश नीट दिले. उत्तर आले ३१८.१५. हे काय? काही सेवा तापमान केल्विनमध्ये देतात. २७३.१५ वजा केले की ४५ अंश सेल्सिअस मिळतात. ३१८ अंश पाहून कोणीही दचकेल, म्हणून ही चूक टिकत नाही. वाऱ्याच्या वेगाचे मात्र तसे नाही.

तिच्या पानावर एकदा 'वारा ११' असे आले. तिने पुढे 'किमी प्रतितास' लिहिले. ताशी ११ किलोमीटर म्हणजे झाडाची पाने हलवणारी झुळूक. शेतकरी निश्चिंत. पण सेवा वेग मीटर प्रतिसेकंदात देत होती.

११ मीटर प्रतिसेकंद × ३.६ = ३९.६ किलोमीटर प्रतितास

वाऱ्याचा दाब वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. वेग ३.६ पट तर दाब ३.६ × ३.६, म्हणजे जवळजवळ १३ पट! घड लागलेल्या केळीला टेकू द्यायचा की नाही, हे ज्या आकड्यावरून ठरायचे तो १३ पटींनी फसवा निघाला. एका लहानशा एककाने केवढा फरक पडतो पाहा. शिवाय हवामानशास्त्रात वाऱ्याचा वेग जमिनीपासून १० मीटर उंचीवरचा सांगण्याची रीत आहे. केळीच्या पानांच्या उंचीवर वारा सहसा त्याहून कमी असतो. तेव्हा आकड्यासोबत एकक आणि उंची दोन्ही लिहावीत.

मोठ्यांनाही हा घोटाळा चुकलेला नाही. अमेरिकेच्या 'नासा' संस्थेचे 'मार्स क्लायमेट ऑर्बिटर' हे यान २३ सप्टेंबर १९९९ रोजी मंगळाजवळ पोहोचताना नष्ट झाले. यानाच्या लहान अग्निबाणांनी दिलेल्या आवेगाची माहिती एका गटाकडून दुसऱ्या गटाकडे जात होती. देणाऱ्यांचे एकक पौंड-सेकंद होते आणि घेणाऱ्यांनी ते न्यूटन-सेकंद धरले. एक पौंड बल म्हणजे सुमारे ४.४५ न्यूटन. एवढ्या फरकाने यान ठरल्यापेक्षा मंगळाच्या फार जवळ गेले. 'उत्तरापुढे एकक लिहा' असे तुमचे शिक्षक का बजावतात, हे आता ध्यानात येईल.

दिवस केव्हा सुरू होतो?

पुढचा पेच पावसाचा. जून महिन्यात एका रात्री दोन वाजता रावेरला जोराचा पाऊस झाला असे समजू. तारीख १२ जून. पण पानावर तो ११ जूनच्या रकान्यात दिसला.

अनेक सेवा, आपण वेगळे सांगितले नाही तर, जागतिक समन्वित वेळ वापरतात. ती आपल्या वेळेपेक्षा साडेपाच तास मागे आहे. १२ जूनच्या रात्रीचे दोन म्हणजे त्या घड्याळात ११ जूनच्या रात्रीचे साडेआठ. म्हणून आपल्याकडे पहाटे साडेपाचपूर्वी झालेला सर्व पाऊस आदल्या तारखेत जातो. कमाल तापमान दुपारी येत असल्याने त्याची तारीख चुकत नाही. त्यामुळे हा दोष महिनोन्‌महिने लपून राहू शकतो आणि पावसाळ्यात उघडा पडतो.

यात आणखी एक भर. आपले हवामान खाते चोवीस तासांचा पाऊस सकाळी साडेआठ वाजता मोजते. १२ जूनला सकाळी दहा वाजता पडलेला पाऊस त्यांच्या १३ जूनच्या नोंदीत येतो. म्हणजे एकच सर तीन पद्धतींत वेगवेगळ्या तारखांना लागू शकते. तिन्ही पद्धती बरोबर आहेत. फक्त त्या एकमेकींत मिसळू नयेत.

शून्य, रिकामी जागा आणि अक्षरांतले आकडे

हवामान केंद्रावरील यंत्र कधी बंद पडते. त्या वेळची जागा उत्तरात रिकामी येते. विद्यार्थिनीच्या पानाने त्या रिकाम्या जागी शून्य धरले. आठवड्याचे कमाल तापमान होते : ४२, ४३, ४४, (नोंद नाही), ४३, ४५, ४४. बेरीज २६१. सहाने भागले तर सरासरी ४३.५. सातने भागले तर ३७.३! भर उन्हाळ्यातला आठवडा कागदावर सहा अंशांनी थंड झाला. पावसात तर हा फरक अधिकच महत्त्वाचा. 'पाऊस शून्य' म्हणजे मोजला आणि आढळला नाही. 'नोंद नाही' म्हणजे मोजलाच गेला नाही. शेतकऱ्याच्या दृष्टीने या दोहोंत जमीन-अस्मानाचे अंतर आहे.

बाजारभावात वेगळीच मौज झाली. केंद्र शासनाच्या 'अ‍ॅगमार्कनेट'वर बाजार समित्यांचे भाव मिळतात, आणि २०१२ मध्ये सुरू झालेल्या शासकीय खुल्या माहितीच्या संकेतस्थळावरून अशी माहिती यंत्राला वाचता येईल अशा स्वरूपात घेता येते. किमान, कमाल आणि सर्वसाधारण असे तीन भाव क्विंटलमागे दिलेले असतात. तिने सर्वांत मोठा भाव शोधायला सांगितला. १,२०० आणि ९५० यांत संगणकाने ९५० मोठा ठरवला! कारण तिच्यापर्यंत आलेले आकडे अवतरणचिन्हांत, म्हणजे अक्षरे म्हणून आले होते. शब्दकोशात जसा पहिल्या अक्षरावरून क्रम लागतो तसा संगणकाने ९ आणि १ यांची तुलना केली. आधी अक्षरांचे संख्येत रूपांतर केले की काम झाले. आणखी एक सावधगिरी अशी की, सेवा सर्व नोंदी एकदम देत नाहीत. ठरावीक नोंदींचे एक पान देतात. पहिल्या पानावर दहा बाजार समित्या दिसल्या म्हणून केळी दहाच ठिकाणी विकली जाते असे समजू नये.

हा आकडा नक्की कशाचा?

इतके सारे सुधारल्यावरही तिच्या आजोबांनी विचारलेला प्रश्न उरलाच : "आपल्या मळ्यातला तापमापक एक सांगतो आणि तुझे पान दुसरेच. खरे कोणते?"

हा प्रश्न सर्वांत चांगला. केंद्रावर मोजलेले तापमान आणि गणिताने काढलेले तापमान या दोन निरनिराळ्या वस्तू आहेत. पुष्कळ जागतिक सेवा दुसऱ्या प्रकारचे देतात. त्यासाठी पृथ्वीचे चौकोन पाडलेले असतात. गेल्या काही दशकांच्या हवामानासाठी जगभर वापरल्या जाणाऱ्या एका प्रसिद्ध संचात हा चौकोन पाव अंशाचा आहे. तो केवढा होतो ते पाहू.

उत्तर-दक्षिण : ०.२५ × १११ = सुमारे २८ किलोमीटर
पूर्व-पश्चिम : ०.२५ × १११ × कोसाइन २१° = सुमारे २६ किलोमीटर

म्हणजे सातशेहून अधिक चौरस किलोमीटरसाठी एकच आकडा! रावेरच्या एखाद्या चौकोनात तापीकाठची सपाट काळी जमीन आणि सातपुड्याचे डोंगर दोन्ही येऊ शकतात. उंची वाढते तसे तापमान किलोमीटरला सरासरी साडेसहा अंशांनी उतरते. केवळ ३०० मीटर चढले तरी दोन अंशांचा फरक. मग चौकोनाची सरासरी मळ्याशी तंतोतंत कशी जुळणार? नव्या पद्धतींत चौकोन लहान झाले आहेत, पण बिंदू झालेले नाहीत. दुसरीकडे मळ्यातला तापमापक उन्हात टांगला असेल तर तो हवेचे नव्हे, स्वतःचे तापलेले तापमान सांगतो. तो सावलीत, वारा खेळत्या पेटीत असावा लागतो.

याच कारणाने महाराष्ट्र शासनाच्या 'महावेध' प्रकल्पाखाली महसूल मंडळांच्या पातळीवर सुमारे दोन हजार स्वयंचलित हवामान केंद्रे उभी राहिली. पिकाशेजारचा आकडा हवा असेल तर पिकाजवळ मोजले पाहिजे. विम्याची भरपाई अशा केंद्राच्या नोंदीवर अवलंबून असते. एखाद्या विद्यार्थिनीच्या पानावर किंवा फोनवर दिसणाऱ्या आकड्यावर नाही. हे तिने आपल्या पानावर ठळक लिहिले, आणि तेच योग्य झाले.

प्रामाणिक फलक

शेवटी तिचे पान कसे झाले? प्रत्येक आकड्याखाली चार गोष्टी आहेत : एकक, आकड्याची भारतीय वेळ, माहिती देणाऱ्या सेवेचे नाव, आणि तो मोजलेला आहे की गणिताने काढलेला. सेवा बंद असेल तर पान जुना आकडा नवा म्हणून दाखवत नाही. 'सकाळी ९ नंतर माहिती मिळालेली नाही' असे सांगते. मधला संगणक १ सेकंदाने, मग २, ४, ८ सेकंदांनी पुन्हा विचारून पाहतो. बंद दारावर सारखे धक्के मारत नाही. आणि जळगावचे तापमान शून्याखाली किंवा ५५ च्या वर आले तर पान ते न दाखवता शंका नोंदवून ठेवते.

बाहेरून माहिती आणणे म्हणजे दुसऱ्याच्या विहिरीवरून पाणी भरणे आहे. विहीर केव्हा आटेल, मालक केव्हा दोर काढून नेईल, हे आपल्या हाती नाही. पाणी गाळून घेणे आणि ते कोठून आणले हे सांगणे मात्र आपल्याच हाती आहे. प्रयोगवहीत तुम्ही निरीक्षण, एकक, साधन आणि त्रुटी लिहिता. संगणकावरही विज्ञानाची शिस्त तीच आहे.

करून पाहा

१. सावलीत तापमापक टांगून आठवडाभर दुपारी अडीच वाजता तापमान लिहा. त्याच वेळी दोन निरनिराळ्या संकेतस्थळांवरील आकडे लिहा. तिन्हींतील फरकाची कारणे शोधा.

२. धुळ्याचे अक्षांश सुमारे २०.९० उत्तर आणि रेखांश ७४.७७ पूर्व आहेत. ते उलट लिहिले तर बिंदू पृथ्वीवर कोठे पडतो?

३. एक सेवा वाऱ्याचा वेग ७ मीटर प्रतिसेकंद सांगते, दुसरी २५ किलोमीटर प्रतितास. या दोहोंत विरोध आहे का?

४. शिक्षकांसाठी : एका महिन्याच्या पावसाच्या नोंदींतील तीन दिवस मुद्दाम रिकामे ठेवून विद्यार्थ्यांना एकूण पाऊस काढायला सांगावे. कोण शून्य धरतो, कोण अंदाज करतो आणि कोण 'एवढ्या माहितीवरून सांगता येत नाही' असे लिहितो, याची वर्गात चर्चा करावी.